पेठेकाकांची बिजागरी

पेठेकाकांच्या पाया पडायला जाऊ नका. म्हणजे जा, माणूस लाखात एक आहे, पण हाताशी वेळ ठेवून जा. आपण भक्तिभावाने वाकतो, हात पावलांपर्यंत पोचतो न पोचतो, आणि वरून आशीर्वादाऐवजी आवाज येतो, "थांब! तिथेच थांब. पाठ बघ तुझी. कोळंबी झालीये."

मग सूचना सुरू होतात. गुडघे किंचित सैल सोड. बैठक मागे ने. अजून मागे. अगं, मागे भिंत आहे समज आणि तिला बैठक टेकव. आता मांडीच्या मागे ताण आला? आला ना? हं, आता ये वर. सुखी राहा.

गेल्या गणपतीत इथे सिडनीत मराठी मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता. आरती झाली, तरुण जोडपी ओळीने ज्येष्ठांच्या पाया पडायला निघाली आणि ओळ काकांपाशी येऊन तुंबली. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका नव्या नवरीला त्यांनी तीनदा वाकायला लावलं. तिचा नवरा बिचारा हळूच मला विचारत होता, "ही कोकणातली काही पद्धत आहे का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, ही टूनगॅबीतली पद्धत आहे. तोवर पुढच्या टेबलावरचे उकडीचे मोदक संपले. माझ्या वाट्याला केळं आलं. त्या केळ्याबद्दल मी काकांना अजून माफ केलेलं नाही.

काका टूनगॅबीत आमचे शेजारी. वय सदुसष्ट, अंगाने काटक, अर्धी चड्डी, त्यात खोचलेला टी-शर्ट आणि पोटरीपर्यंत ओढलेले पांढरे मोजे. पस्तीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये काढली, आधी मुंबईत, मग इथे ब्लॅकटाउनच्या बाजूला. त्यामुळे माणसाच्या शरीराकडे ते डॉक्टरसारखं बघतच नाहीत, मेकॅनिकसारखं बघतात. काकू जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून घरात एकटे. मुलगी अदिती गिरावीनला राहते, गाडीने दहा मिनिटांवर.

काकांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. तिथे एक लोखंडी दांडा, गंजलेल्या तबकड्या आणि दोन केटलबेल आहेत. केटलबेल म्हणजे मूठ असलेला लोखंडी गोळा. हे सगळं फुटपाथवरून आलंय. आमच्याकडे वर्षातून काही वेळा कौन्सिल क्लीन-अप असतो. लोक नको असलेलं सामान घराबाहेर काढून ठेवतात आणि आपली माणसं, मग ती डॉक्टर असोत की इंजिनिअर, संध्याकाळी 'जरा पाय मोकळे करायला' बाहेर पडतात. आमची कॉफीची तिपाई तशीच आलीये, पण ते असो. काकांना दांडा मिळाला. समोरच्या घरातला गोरा म्हातारा म्हणाला, "टेक इट, मेट, माझं तर बॅकच गेलं त्याने." काका म्हणाले, "नो वरीज," आणि मला मराठीत म्हणाले, "दांड्याने नाही गेलं. याची बिजागरी चुकली."

बिजागरी हा त्यांचा आवडता शब्द. जगातली निम्मी दुखणी चुकीच्या जागी बिजागरी लावल्याने होतात, असं त्यांचं ठाम मत आहे. "देवाने माणसाला बिजागरी खुब्यात दिलीये. हा गाढव कमरेतून वाकतो. दार चौकटीपाशी फिरायला हवं का मधूनच दुमडायला हवं? सांग."

मी त्यांच्या तावडीत कशी सापडले ते सांगते. घरून काम करायचं फॅड आलं आणि मी डायनिंगच्या खुर्चीवर बसून दिवसाचे नऊ तास कोड लिहायला लागले. एका दुपारी डिशवॉशरच्या खालच्या कप्प्यातून कुकर काढायला वाकले आणि तिथेच राहिले. नवरा ऑफिसला. हातात कुकर, तोंडात शिव्या. खिडकीतून काकांनी बघितलं असणार, कारण पाच मिनिटांत मागच्या दाराशी हजर. मला वाटलं, आधार देतील. हे दारातूनच म्हणतात कसे, "हेच! हेच मी दोन वर्षं सांगतोय!"

काय चिडले मी! पण पंधरा दिवसांनी, डॉक्टरने हिंडाफिरायला सांगितल्यावर, मुकाट्याने गॅरेजमध्ये गेले.

पहिला आठवडा त्यांनी मला दांड्याला हात लावू दिला नाही. माझाच मॉप आणायला लावला, आणि त्याचा दांडा पाठीवर उभा धरायला. डोक्याला टेकला पाहिजे, खांद्यांच्या मध्ये टेकला पाहिजे आणि माकडहाडाला टेकला पाहिजे. आता वाक. तिन्हीपैकी एक जागा जरी सुटली तरी आऊट. मी पहिल्या दिवशी एकवीस वेळा आऊट झाले. काकांनी मोजलं होतं.

मग व्यायामाचं नाव कळलं: स्टिफ-लेग डेडलिफ्ट. दांडा हातात धरून, पाय जवळजवळ सरळ ठेवून वाकायचं आणि उठायचं. एवढंच. मी म्हटलं, यात काय आहे. काका म्हणाले, "नावच चुकलंय. पाय ताठ ठेवायचेच नाहीत. ज्याने नाव ठेवलं त्याची मागची मंडळी कधी जागीच झाली नसणार."

मागची मंडळी म्हणजे शरीराच्या मागच्या बाजूचे स्नायू. काकांच्या लेखी ते एक सरकारी ऑफिस आहे. सगळ्यात वर मोठे साहेब, म्हणजे बैठकीचे स्नायू. पगार सगळ्यात जास्त, ताकद सगळ्यात जास्त, आणि दिवसभर खुर्चीत बसून झोपा काढतात. त्यांच्याखाली मांडीच्या मागचे, हॅमस्ट्रिंग, मधले बाबू. आखडूपणा करतात, पण एकदा ताणले की कामाला वाघ. आणि मग कण्याच्या दोन्ही बाजूंना ती गरीब कारकून मंडळी. त्यांचं काम फक्त पाठ सरळ धरून ठेवायचं. ओझं उचलणं हे त्यांचं काम नव्हेच. पण साहेब झोपलेले, बाबू आखडलेले, मग सगळ्या फायली कुणावर येतात? कारकुनावर. आणि एक दिवस कारकून कुकर हातात घेऊन संपावर जातो.

"म्हणून काम वर ढकलायचं," काका सांगायचे. "गुडघ्याला कुलूप लावायचं नाही, नुसती कडी. किंचित वाकलेला आणि तिथेच पक्का. मग बैठक मागे, मागे, मागे. दांडा मांडीला, मग नडगीला घासत गेला पाहिजे. पायापासून लांब गेला की सगळं वजन कारकुनावर. आणि जमिनीपर्यंत जायची हौस नको. मांडीमागे ताण आला की तुझं स्टेशन आलं, उतर. तिथून पाठीने नाही उठायचं. टाच जमिनीत रोव, बैठक आवळ, साहेबांना उठव."

मला तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा साहेब सापडले. दुसऱ्या दिवशी मला कमोडवर बसताना भिंत धरावी लागली, पण कंबर गप्प होती. कंबर गप्प! मी काकांना फोन करून ओरडले, "काका, मागची मंडळी दुखतायत!" नवरा चहा पिता पिता थांबला. म्हणाला, "काय बोलताय तुम्ही दोघं?"

तोवर मला वाटत होतं, हा एकट्या माणसाचा छंद आहे. कुणी बोन्साय करतं, कुणी ब्रिज खेळतं, हे वाकतात. पण काका एक गोष्ट करायचे ती मला कळायची नाही. दांडा ठेवून झाला की गॅरेजच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या लाकडी खोक्यापाशी जायचे. खोकं त्यांच्या कमरेइतकं उंच, वरून उघडं. त्यात तळाशी केटलबेल. कठड्यावरून आत वाकून ती हळूच उचलायची, छातीशी धरायची आणि तशीच हळूच परत ठेवायची. दहा वेळा. ठेवताना ते ओठ दाबून धरायचे.

एकदा विचारलंच. "काका, हे काय नवीन?"

"कॉट आहे," ते म्हणाले.

मी खोक्यात डोकावून बघितलं.

"अदितीला ऑक्टोबरमध्ये दुसरं व्हायचंय. कॉटला कठडा असतो. उकिडवं बसून उचलायला जावं तर गुडघे कठड्याला लागतात. आपलं असंच वाकून उचलावं लागतं. मला बाळ उचलायचंय, स्वाती."

मग खोक्याच्या कठड्यावर हात ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. अदितीची पहिली मुलगी रेवा तीन आठवड्यांची होती. काकू नव्हत्या, म्हणून हेच मदतीला राहिले होते. दुपारी बाळ रडलं, हे उचलायला वाकले, बाळ गादीपासून वीतभर वर आलं आणि पाठीत कळ गेली. बाळ हातातून गादीवर पडलं. लागलं काहीच नाही, घाबरून रडलं एवढंच. पण काका तिथेच, कठड्यावर वाकलेले, ना वर येतायत ना खाली जातायत. अदिती धावत आली.

"तिने आधी बाळ उचललं, मग मला. बरोबरच आहे, मीही तेच केलं असतं," काका म्हणाले. "नंतर कुणी काही बोललं नाही हं. फक्त मी हात पुढे केला की, 'बाबा, तुम्ही बसा, मी देते.' चार वर्षं मला नात सोफ्यावर होम डिलिव्हरी मिळालीये. आता ती एवढी मोठी झाली, उचलून घ्यायचं वयच गेलं. ते गेलं ते गेलं. पण हे दुसरं..."

केटलबेल उचलायला वळले. मी मॉप घेऊन घरी आले आणि खरं सांगते, स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग स्वतःवरच चिडले आणि भाजी फोडणीला टाकली.

काका अदितीला गॅरेजमधले व्हिडिओ पाठवायचे. बाजूने काढलेले, म्हणजे पाठीची रेषा दिसावी. मी काढून द्यायचे. तिच्याकडून उत्तर म्हणून अंगठा यायचा. काका तो अंगठा मला दाखवायचे आणि म्हणायचे, "बिझी असते." मला त्या अंगठ्याचा असा राग यायचा की बस.

सप्टेंबरमध्ये गिरावीनच्या इंडियन दुकानात मला अदिती दिसली. आठवा महिना, एवढं पोट, आणि बाई तांदळाची दहा किलोची पिशवी ट्रॉलीत टाकायला वाकलेली. पाठ कोळंबी. माझ्या तोंडून भर दुकानात किंकाळी गेली, "बिजागरी!" डाळींच्या रांगेतले एक सरदारजी दचकून भिंतीला टेकले.

अदिती आधी हसली. मग म्हणाली, "स्वातीताई, बाबांनी तुलापण?"

पिशवी मी उचलली, अगदी शास्त्रशुद्ध उचलली, आणि तिला तिथेच फैलावर घेतलं. म्हटलं, तो माणूस रोज लाकडी खोक्यातून लोखंडाचं बाळ उचलतोय. त्याला अंगठा पाठवतेस? एकदा चूक झाली म्हणून जन्मभर सोफ्यावर बसवणार आहेस?

ती ट्रॉलीच्या दांड्याला घट्ट धरून म्हणाली, "तुला वाटतं मी बाळासाठी घाबरते? ताई, बाळ गादीवर पडलं होतं, त्याला काही झालं नव्हतं, ते मला तेव्हाच कळलं. बाबा अडकले होते ना वाकून, ते मला 'सॉरी' म्हणत होते. वर बघता येत नव्हतं, तर गादीकडे बघून म्हणत होते. सॉरी, सॉरी. आई जाऊन वर्षपण झालं नव्हतं गं. मला वाटलं, आता हेही गेले. मला ते परत बघायचं नाहीये. म्हणून मी ते व्हिडिओ उघडतच नाही."

मी आपली तिची ट्रॉली गाडीपर्यंत ढकलली. काकांना यातलं काहीच सांगितलं नाही. जे सांगायचं ते तिने सांगावं.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं ही पुण्या-मुंबईतली चैन. इथे बारसं शनिवारी. पाळणा मंडळाचा, घडीचा, पेनरिथपासून पॅरामाटापर्यंतची निम्मी बाळं त्यात झोपलीयेत. ठाण्याहून अदितीच्या सासूबाई आल्या होत्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. आणि वरवंटा आणायचं काम काकांकडे होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपरं घालतात, बाळासारखं नटवतात आणि पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. मग तो बाळाच्या पायाशी ठेवतात. बाळ त्याच्यासारखं दणकट व्हावं म्हणून. आता सिडनीत वरवंटा कुणाकडे आहे? सगळ्यांकडे मिक्सर. काका बरोबर अकरा वाजता आले, पांढरा झब्बा-पायजमा, हातात ताट, ताटावर रुमाल. रुमाल काढला. आत चार किलोची केटलबेल, तिला टोपरं, मुठीला काळा दोरा आणि गोळ्यावर काजळाचे दोन डोळे.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो व्याही, हे काय?"

"वरवंटाच आहे," काका म्हणाले. "फक्त बिडाचा."

कुणाला हसू आवरेना. पण वेळ झालेली. पाळण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई. मी केटलबेल वरून दिली, ती त्यांनी कशीबशी घेतली. पाळण्याखालून द्यायची वेळ आली तेव्हा त्या अर्ध्या वाकल्या आणि "आई गं" करून खुर्चीत बसल्या. हे गुडघे आता काही मेले वाकत नाहीत, म्हणाल्या. "अजून कुणी बायका आहेत का?" बायका होत्या. एकीला सायटिका, एकीचं नुकतंच ऑपरेशन, एक तर नखशिखांत नऊवारीत आवळलेली.

मी म्हटलं, "काका, या."

"पुरुषमाणूस?" सासूबाई म्हणाल्या.

"खाली वाकून वर येऊ शकणारं दुसरं कुणी आहे का इथे?" मी जरा जोरातच म्हणाले. कुणीच नव्हतं. काका आले. पाळण्याखालून केटलबेल दिली, वरून घेतली, परत खालून दिली. पाठीची रेषा अशी, की मला व्हिडिओ काढावासा वाटला. रेवा टाळ्या पिटत ओरडली, "गो आजोबा! बम बॅक!" म्हणजे बैठक मागे.

मग खऱ्या बाळाची पाळी. अदिती त्याला घेऊन पाळण्यापाशी आली. काकांनी हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. चार वर्षांची सवय. स्वतःच आजूबाजूला खुर्ची शोधायला लागले.

"बाबा, तुम्ही..." अदिती म्हणाली आणि थांबली. मी मनात म्हटलं, बसा म्हणालीस तर याद राख. तिने बाळाला पाळण्यात ठेवलं. त्याचं अंगडं नीट केलं. आणि दोन पावलं मागे झाली. "उचला तुम्ही," म्हणाली.

काकांनी हात पायजम्याला पुसले. पावलं जमिनीत रोवली, गुडघ्यांना कडी लावली. बैठक मागे गेली, ती मागे उभ्या जावईबापूंना लागली, ते सरकले. पाठ पाटासारखी सरळ. हात पाळण्यात गेले, एक मानेखाली, एक कमरेखाली, आणि तिथे जरा थांबले. अदितीने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती. बाळ अंगाजवळ आलं, छातीला चिकटलं, आणि काका उठले. सावकाश. साहेबांनी उचललं, कारकुनावर काही आलं नाही, हे मी पायजम्यावरूनही सांगू शकते. माझ्या दंडावरची पकड सुटली. बघते तर अदिती रडत होती, आणि फोनवर व्हिडिओ काढत होती.

ठाण्याहून बाळाची आत्या फोनवर आली, कुणीतरी फोन बाळाच्या कानाशी धरला, तिने कुर्र करून नाव सांगितलं. नाव काय ते मी ऐकलंच नाही, नंतर मला रेवाला विचारावं लागलं. कारण मी काकांकडे बघत होते. बाळाने एवढं तोंड उघडून जांभई दिली. काकांची मान खाली गेली. मग खांदे गेले. मग चार वर्षं दांड्याला टेकवून टेकवून सरळ केलेली ती सगळी पाठ हळूहळू गोल झाली, आणि नाक बाळाच्या टाळूवर टेकलं. पार कोळंबी.

"काका, पाठ!" मी सवयीने म्हणाले.

"राहू दे गं," ते म्हणाले. मान वर न करता. "आज राहू दे."